राउटरची आठवण आणि राउटरचा विसर

आमच्या फैजपूर-यावल भागातल्या एका महाविद्यालयात घडलेली गोष्ट आहे. परीक्षेचा दिवस होता. प्रश्नपत्रिका सकाळी इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, तिच्या प्रती काढायच्या आणि मग वर्गांत वाटायच्या, अशी पद्धत. नेमकी त्याच वेळी वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे लागली. तेवढ्यात यूपीएसनेही मान टाकली. वीज आल्यावर संगणक सुरू झाले, राउटर नावाच्या पेटीवरचे हिरवे दिवेही लागले. पण इंटरनेट काही येईना. जोडणी देणाऱ्या कंपनीला फोन केला, तर तिकडून उत्तर आले की आमच्या बाजूने सगळे ठीक आहे. शेवटी एका प्राध्यापकांनी स्वतःच्या मोबाइलवरून प्रश्नपत्रिका उतरवली आणि परीक्षा पाऊण तास उशिरा सुरू झाली.

कारण दुपारी कळले. तीन आठवड्यांपूर्वी महाविद्यालयाची जोडणी बदलली होती. तेव्हा आलेल्या तंत्रज्ञाने नवे पत्ते राउटरला दिले, इंटरनेट सुरू झालेले दाखवले, चहा घेतला आणि तो गेला. एकच आज्ञा द्यायची राहिली होती. मधल्या काळात वीज अनेकदा गेली, पण यूपीएसमुळे राउटरला त्याचा पत्ताही लागला नाही. त्या सकाळी मात्र तो पहिल्यांदाच पूर्ण बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा तीन आठवड्यांपूर्वीच्या जगात जागा झाला. जुने सगळे त्याच्या लक्षात होते. नवे तेवढे तो विसरला होता.

असे कसे होते? आठवण असली तर सगळी असावी, गेली तर सगळी जावी! याचे उत्तर असे की राउटरमध्ये एक स्मृती नसते. निरनिराळ्या गुणांच्या किमान चार स्मृती असतात आणि प्रत्येकीचे काम वेगळे असते.

राउटर करतो काय?

भुसावळ जंक्शन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. मुंबईकडून आलेली गाडी तिथून अकोल्यामार्गे नागपूरकडे जाऊ शकते किंवा खंडव्यामार्गे इटारसीकडे. कोणती गाडी कोणत्या मार्गावर घालायची, याचा निर्णय तिथे घ्यावा लागतो. एकाच मार्गावर दोन गाड्या एकदम आल्या तर एकीला बाजूच्या रुळावर थांबवून ठेवावे लागते.

राउटर हे असेच जंक्शन आहे. इंटरनेटवरून जाणारा मजकूर, चित्र किंवा आवाज अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे पडतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारणपणे जास्तीत जास्त १,५०० बाइट असतात आणि प्रत्येकावर ते कुठून आले व कुठे जायचे, ते पत्ते लिहिलेले असतात. राउटर हे पत्ते वाचतो, आपल्याजवळच्या मार्गांच्या तक्त्यात पाहतो आणि पॅकेट योग्य तारेवर सोडतो. तार मोकळी नसेल तर पॅकेट काही क्षण स्वतःजवळ ठेवतो.

म्हणजे राउटरला किती गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात पाहा. सुरू कसे व्हायचे, हे एक. काम कसे करायचे, त्याचा भलामोठा प्रोग्रॅम, हे दुसरे. या विशिष्ट संस्थेतले पत्ते आणि नियम कोणते, हे तिसरे. या क्षणी कोणता मार्ग चालू आहे आणि कोणती पॅकेट रांगेत उभी आहेत, हे चौथे. पहिली गोष्ट कधीच बदलत नाही. दुसरी वर्षा-दोन वर्षांतून बदलते, तिसरी महिन्या-दोन महिन्यांतून, तर चौथी दर सेकंदाला हजारो वेळा बदलते.

एक जुने यंत्र उघडून पाहू

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. विदेश संचार निगमाने मुंबईसह मोठ्या शहरांत ही सेवा सुरू केली. त्याआधी १९८६ पासून शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी अर्नेट हे जाळे उभे राहत होते. मुंबईतील जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय.आय.टी. या दोन्ही संस्था त्यात होत्या. पुढच्या काही वर्षांत बँका, कारखाने आणि महाविद्यालये यांच्यापर्यंत राउटर पोचू लागले. त्या काळात जगभर खपलेल्या राउटरांमध्ये सिस्को कंपनीची २५०० ही मालिका होती. आज ती कामातून गेली आहे, पण शिकण्यासाठी उत्तम आहे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडकाचे जे स्थान होते, ते हिला द्यायला हरकत नाही, कारण अवयव मोजके आणि स्पष्ट दिसतात.

झाकण काढले की आत २० मेगाहर्ट्झ वेगाचा एक प्रोसेसर दिसतो. त्याच्या आसपास चार स्मृती आहेत.

पहिली रॉम. हिच्यात कारखान्यात लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम असतो. वीज आल्याबरोबर स्वतःची तपासणी करणे आणि मोठा प्रोग्रॅम शोधणे, एवढेच त्याचे काम.

दुसरी फ्लॅश. मोठा प्रोग्रॅम, म्हणजे राउटरची कार्यप्रणाली, इथे असते. या मालिकेत फ्लॅशसाठी दोन खाचा असतात आणि दोन्ही मिळून १६ मेगाबाइटपर्यंत जागा करता येते.

तिसरी एनव्हीरॅम. वीज गेली तरी न विसरणारी ही छोटी स्मृती. आपल्या यंत्रात ती फक्त ३२ किलोबाइटची आहे. संस्थेचे पत्ते, नियम आणि पासवर्ड इथे साध्या मजकुराच्या रूपात साठवतात. ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८ अक्षरे. पानावर दोन हजार अक्षरे मावतात असे धरले, तर सोळा पाने. एका महाविद्यालयाला एवढे पुरते.

चौथी डीरॅम, म्हणजे कामाची स्मृती. मार्गांचा तक्ता, चालू नियम आणि रांगेतली पॅकेट, सगळे इथे असते. या यंत्रात तिचे दोन भाग आहेत. प्रोसेसरच्या कामासाठी १६ मेगाबाइटपर्यंतचे मॉड्यूल बसवता येते. पॅकेट थांबवण्यासाठी वेगळी २ मेगाबाइट जागा असते.

शाळेच्या भाषेत सांगायचे तर रॉम म्हणजे सकाळी दार उघडून घंटा देणाऱ्या शिपायाची अंगवळणी पडलेली सवय. फ्लॅश म्हणजे कपाटातली पाठ्यपुस्तके. एनव्हीरॅम म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीचे वेळापत्रक. आणि डीरॅम म्हणजे फळा. सगळे खरे काम फळ्यावर चालते, पण शाळा सुटली की फळा पुसला जातो.

आता आपल्या महाविद्यालयाचे कोडे सुटते. राउटर सुरू होताना रॉममधला प्रोग्रॅम आधी जागा होतो. तो फ्लॅशमधून कार्यप्रणाली उचलतो. कार्यप्रणाली एनव्हीरॅममधले नियम वाचते, त्यांची एक प्रत डीरॅममध्ये तयार करते आणि पुढे त्या प्रतीप्रमाणे वागते. तंत्रज्ञाने बदल केले ते या प्रतीत, म्हणजे फळ्यावर. ते लगेच लागू झाले, म्हणून इंटरनेट सुरू झाले. फळ्यावरचे वेळापत्रकाच्या कागदावर उतरवून ठेवण्यासाठी ‘राइट मेमरी’ अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली गेली नाही.

ही व्यवस्था गैरसोयीची वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. दूरच्या गावातल्या राउटरला चुकीचा नियम दिला आणि त्याच्याशी संपर्कच तुटला, तर तिथल्या कोणाला तरी फोन करून सांगता येते, “पेटी बंद करून पुन्हा चालू करा.” राउटर जुन्या, चालत्या नियमांवर परत येतो. विसरण्याचाही असा उपयोग असतो. घरातल्या लहान राउटरमध्ये मात्र ‘सेव्ह’ म्हटले की बदल थेट टिकाऊ स्मृतीत जातात.

एकच स्मृती का नाही?

चांगली, वेगवान, वीज गेली तरी टिकणारी, स्वस्त आणि भरपूर अशी एकच स्मृती बसवली तर? अडचण अशी की हे सगळे गुण एका ठिकाणी अजून मिळालेले नाहीत.

डीरॅमची कल्पना आय.बी.एम.मधील रॉबर्ट डेनार्ड यांची. त्यांना तिचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. या स्मृतीत माहितीचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिशय लहान कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. रचना इतकी सोपी असल्यामुळे थोड्या जागेत प्रचंड माहिती मावते. पण हा कपॅसिटर म्हणजे भोक पडलेला हंडा. भार सतत गळत असतो, म्हणून तो रिकामा होण्याआधी पुन्हा भरावा लागतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा वेळा, संपूर्ण स्मृतीवरून ही फेरी मारली जाते. वीज गेली की फेरी थांबते आणि हंडे रिकामे होतात.

फ्लॅशची गोष्ट उलटी. तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. इथे विद्युतभार चारी बाजूंनी विसंवाहक थराने वेढलेल्या एका कप्प्यात कोंडलेला असतो. त्याला गळायला वाट नसते, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. पण ज्याला बाहेर पडायला वाट नाही, त्याला आत घालणेही कठीण. त्यासाठी जास्त व्होल्टेज लागते आणि वेळही लागतो. शिवाय फ्लॅशमध्ये एखादेच अक्षर पुसता येत नाही. पूर्ण गट एकदम पुसावा लागतो. प्रत्येक वेळी तो विसंवाहक थर थोडा झिजतो. सेकंदाला हजारो वेळा बदलणारा मार्गांचा तक्ता किंवा रांग अशा स्मृतीत ठेवली तर ती अल्पावधीतच निकामी होईल.

फ्लॅशच्या या स्वभावातून एक धोका निघतो, तो भारनियमन सोसलेल्या आपल्या भागाने विशेष लक्षात ठेवावा. नवी कार्यप्रणाली घालताना आधी जुनी पुसली जाते आणि मग नवी लिहिली जाते. नेमकी मध्येच वीज गेली तर पुस्तकांचे कपाट अर्धवट रिकामे राहते. मोठ्या राउटरमध्ये रॉममधला छोटा प्रोग्रॅम अशा वेळी कामी येतो. तो स्वतः पॅकेट पुढे पाठवू शकत नसला, तरी दुसऱ्या संगणकावरून कार्यप्रणाली पुन्हा आणू शकतो. घरातल्या स्वस्त पेटीत अशी सोय नसेल तर ती पेटी कायमची मुकी होते. म्हणून असे काम यूपीएसची बॅटरी भरलेली असतानाच करावे.

मेमरी वाढवावी केव्हा?

व्यवसायासाठी बनवलेल्या अनेक राउटरमध्ये डीरॅम आणि फ्लॅश वाढवण्यासाठी खाचा ठेवलेल्या असतात. त्यांत बसणारी लांबट हिरवी पट्टी म्हणजे मेमरी मॉड्यूल. पट्टीच्या कडेला सोनेरी संपर्कबिंदू असतात आणि ती उलटी बसू नये म्हणून एक खाच. दिसायला ती संगणकातल्या पट्टीसारखीच असते, पण वेग, व्होल्टेज आणि चूक ओळखण्याची सोय, हे सगळे त्या यंत्राशी जुळावे लागते. नाही जुळले तर राउटर सुरूच होत नाही किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अधूनमधून बंद पडतो. पट्टी हातात घेण्यापूर्वी विजेची वायर काढावी आणि जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. कोरड्या हवेत अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार आपल्याला जाणवतही नाही, पण चिपचे नुकसान करू शकतो.

वाढवण्याची गरज बहुधा कार्यप्रणाली बदलताना पडते. नवी आवृत्ती आकाराने मोठी असते, म्हणून फ्लॅश जास्त लागते. ती चालवायला डीरॅमही जास्त लागते. २५०० मालिका कार्यप्रणाली थेट फ्लॅशमधूनच वाचत असे. १९९८ मध्ये आलेल्या २६०० मालिकेत ती फ्लॅशमध्ये दाबून ठेवलेली असते आणि सुरू होताना डीरॅममध्ये उलगडली जाते. त्यामुळे काम वेगाने होते, पण डीरॅमची भूक वाढते. तेव्हा ‘मेमरी वाढवायची’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणती, हे आधी ठरवावे लागते.

‘नेट हळू चालते, मेमरी वाढवा,’ असा सल्ला कोणी दिला तर थोडे गणित करून पाहावे. समजा, महाविद्यालयातल्या संगणकांकडून राउटरकडे सेकंदाला १० मेगाबिट येत आहेत आणि बाहेर जाणारी तार २ मेगाबिटची आहे. दर सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट, साचत जाणार. २ मेगाबाइटची जागा दोन सेकंदांत भरेल. त्यानंतर येणारी पॅकेट टाकून द्यावी लागतील. जागा दसपट केली तर वीस सेकंदांत भरेल, एवढाच फरक. दरम्यान रांग किती लांबली ते पाहा. २ मेगाबाइट म्हणजे १६ मेगाबिट. ते २ मेगाबिटच्या तारेवरून जायला ८ सेकंद लागतात. म्हणजे शेवटच्या पॅकेटला आठ सेकंद थांबावे लागेल. दसपट जागेत ८० सेकंद!

सावदा-रावेरहून उत्तरेकडे जाणाऱ्या केळीच्या वॅगनांचा अनुभव इथे आठवावा. वाटेत वॅगन उभ्या करायला भरपूर रूळ असले म्हणून माल लवकर पोचत नाही. दिल्लीला चार दिवस उशिरा गेलेल्या केळीला भाव मिळत नाही. फोनवरच्या बोलण्याचे पॅकेट तर अर्ध्या सेकंदातच शिळे होते. म्हणून राउटर बनवणारे रांगेची लांबी मुद्दाम मर्यादित ठेवतात. तार अपुरी असेल तर उपाय तारेवर करायला हवा.

जागा होती, पण वाटणी चुकली

आता उलट उदाहरण पाहू, जिथे स्मृती खरोखरच कमी पडली. इंटरनेटच्या मुख्य मार्गांवरच्या राउटरना जगातल्या सगळ्या जाळ्यांचे मार्ग माहीत असावे लागतात. जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते ४ अब्ज २९ कोटी आहेत. प्रत्येकाची वेगळी नोंद शक्य नाही, म्हणून पत्त्यांच्या गटांची नोंद ठेवतात. आपणही टपालाचा पिनकोड वाचून पत्र आधी जिल्ह्याकडे पाठवतो, तसेच हे. तरीही या नोंदी वाढत जातात. २०१४ मध्ये त्या पाच लाखांच्या वर गेल्या होत्या. आज त्या नऊ लाखांच्याही पुढे आहेत.

एवढ्या नोंदींतून एका पॅकेटचा मार्ग एका सेकंदाच्या अगदी लहान अंशात शोधायचा, तर डीरॅम अपुरी पडते. त्यासाठी टीकॅम नावाची खास स्मृती वापरतात. साध्या स्मृतीला आपण विचारतो, “सतराव्या कप्प्यात काय आहे?” टीकॅमला विचारतो, “ही गोष्ट कोणत्या कप्प्यात आहे?” आणि सगळे कप्पे एकाच वेळी उत्तर शोधतात. वर्गात “हे पुस्तक कोणाचे?” असे विचारल्यावर ज्याचे असेल तो हात वर करतो, तसे. पण प्रत्येक शोधात प्रत्येक कप्पा कामाला लागत असल्यामुळे ही स्मृती महाग असते, वीज खाते आणि तापते. ती कार्डावर पक्की बसवलेली असते. वेगळी पट्टी लावून वाढवता येत नाही.

त्या काळी खूप वापरात असलेल्या एका मोठ्या राउटरच्या कार्डात अशा दहा लाखांच्या आसपास नोंदी मावत. त्यांपैकी निम्मी जागा जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी आणि उरलेली मुख्यतः नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी, अशी वाटणी कारखान्यातूनच ठरलेली होती. १२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतल्या एका मोठ्या जाळ्याने चुकून सुमारे पंधरा हजार जादा मार्ग जाहीर केले. एकूण नोंदी ५ लाख १२ हजारांच्या आसपासची मर्यादा ओलांडून गेल्या आणि जगात अनेक ठिकाणचे राउटर अडखळले. काही प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास नीट चालेनात.

गंमत अशी की नव्या पत्त्यांसाठी ठेवलेली जागा बहुतांशी मोकळीच होती. कंपनीने काही महिने आधी सूचनाही दिली होती. वाटणी बदलणारी आज्ञा द्यायची, ती जपून ठेवायची आणि राउटर एकदा बंद करून चालू करायचा, इतकाच उपाय होता. चालू यंत्र बंद करायला कोण तयार होणार, म्हणून अनेक ठिकाणी ते राहून गेले.

वर्गात करून पाहण्यासारखे

पाच विद्यार्थ्यांना राउटर करावे. एकाकडे कायमची सूचना असलेले कार्ड, दुसऱ्याकडे काम समजावणारी वही, तिसऱ्याकडे शाईने लिहिलेला नियमांचा कागद आणि चौथ्याकडे फळा. पाचवा फळ्यावर पाहून चिठ्ठ्या योग्य बाकाकडे पाठवील. मध्येच फळ्यावरचा एक नियम बदलावा. थोड्या वेळाने “वीज गेली” म्हणून फळा पुसावा आणि खेळ पहिल्यापासून सुरू करावा. काय हरवले आणि काय उरले, हे मुले स्वतःच सांगतील.

वरच्या वर्गांसाठी दोन गणिते. राउटर आपली माहिती दाखवताना ‘६१४४० के / ४०९६ के’ असे लिहितो. पहिला आकडा प्रोसेसरच्या कामाच्या जागेचा, दुसरा पॅकेटच्या जागेचा. एकूण डीरॅम किती मेगाबाइट? (बेरीज ६५,५३६, तिला १,०२४ ने भागले की ६४.) दुसरे असे की १९९० च्या दशकात ६४ किलोबिटची भाड्याची तार ही मोठी चैन समजली जाई. २ मेगाबाइटची रांग भरली तर शेवटचे पॅकेट किती थांबेल? (१६,००० भागिले ६४, म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटांहून थोडे जास्त.)

त्या महाविद्यालयात आता राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सगळे पत्ते आणि नियम छापले आहेत. पासवर्ड तेवढे बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात असतात. खाली तारखेचा रकाना आहे. कोणीही बदल केला की आज्ञा देऊन तो जपून ठेवायचा, राउटर एकदा बंद करून चालू करायचा, काम सुरू झालेले पाहायचे आणि मगच त्या रकान्यात सही करायची, असा नियम झाला आहे. चहा सहीनंतर.